मेलेलं वानर दिसलं तर गप्प बसू नका

एका पाड्यावरच्या बाया राबासाठी पातेरा गोळा करायला गेल्या होत्या. वाटेत झाडाखाली वानर मरून पडलेलं. बाया बाजूने गेल्या, पातेरा भरला, घरी आल्या. कुणालाच सांगितलं नाही. का, म्हणून आम्ही विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "सांगून काय? गार्ड येल न् म्हणंल, तुमीच मारलं."

तिचं काय चुकलं? मेलेल्या जनावराजवळ आदिवासी दिसला की पहिला संशय त्याच्यावर. आपल्या कातकरी भावांना तर हे सांगायलाच नको. पण या गप्प बसण्यात आता जिवाचा धोका आहे.

1957 साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने याचा छडा लावला. विषाणू गोचिडीतून येतो. तोच माकडताप. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने वर सरकला. 2015 साली गोव्यात सत्तरीला आला, 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. काजूला जाणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरं राखणारे आजारी पडले. काही दगावलेसुद्धा.

वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात. दिवाळीनंतर पार उन्हाळ्यापर्यंत गोचिडीची बारीक पिल्लं माणसाला चावतात. दिसतसुद्धा नाहीत नीट. आणि आपला पातेरा, मोह, काजू सगळं त्याच दिवसांत! गुरं या रोगाने मरत नाहीत, पण मोठी गोचीड त्यांच्यावर पोसते आणि वाढते.

म्हणून मेलेल्या वानराला हात लावू नका. सोलू नका, खाऊ नका. उपाशी पोटाला हे सांगणं सोपं नाही, आम्हाला ठाऊक आहे. तरी सांगतो. रानात जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचं तेल मागून घ्या. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, पोरांची अंगं तपासा. एकदम जोराचा ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, डोळे लाल होणं, नाकातून नाहीतर हिरड्यांतून रक्त येणं, असं काही दिसलं तर भगताकडे दिवस घालवू नका. दवाखान्यात जा आणि रानात गेलो होतो हे डॉक्टरला आठवणीने सांगा. ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी परत येऊ शकतो. यावर खास औषध नाही. जी लस होती तिचा गुण उरला नाही म्हणून कर्नाटकाने ती 2022 साली बंद केली. पण वेळेवर सलाईन आणि देखभाल मिळाली तर बहुतेक माणसं वाचतात. हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नका.

आता कुणी म्हणेल, आदिवासी जंगलात शिरतो म्हणून रोग येतो, जंगलच बंद करा. त्यांना बेळतंगडीची गोष्ट सांगा. कर्नाटकातल्या त्या तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी मोठं जंगल साफ केलं, आणि 1982-83 साली तिथेच या तापाची मोठी साथ आली. ते जंगल काय मोळीवाल्या बाईने साफ केलं होतं? आरोग्य खातं एखादी जागा काही दिवस टाळा म्हणालं तर जरूर ऐकू. पण त्या दिवसांची मजुरी कोण देणार तेही विचारू. रोगाच्या नावाने 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनउपजाचा हक्क आम्ही सोडणार नाही.

त्याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो वापरा. गावात एक वही ठेवा. कुठे, कोणत्या दिवशी, कोणतं जनावर मेलेलं दिसलं ते लिहा. एकट्यादुकट्याने सांगायला जाऊ नका. ग्रामसभेच्या नावाने, दहा-वीस सह्या-अंगठ्यांनिशी पत्र द्या. एक आरोग्य केंद्राला, एक वनखात्याला. दोन्हीकडून पोच घ्या. मग कुणा एकावर केस घालणं अवघड जाईल, आणि औषध फवारणारी माणसं त्या जागेवर वेळेत पोचतील. आशाताईला त्याच दिवशी तोंडी कळवा, पत्राची वाट बघू नका.

पत्राचा नमुना मागच्या पानावर दिला आहे.