पाठ केलेली उत्तरं



मध्यंतरी एक मुलगी आईला घेऊन आमच्या केंद्रावर आली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. नवरा अमेरिकेचा नागरिक. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली तिची इमिग्रंट व्हिसाची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती. हातात दोन फुलस्केप कागद. नवऱ्यानं फोनवरून सांगितलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

"ताई, माझी उजळणी घ्याल?"

मी विचारलं, "यांचं आधी लग्न झालं होतं?"

"हो. घटस्फोट झालाय."

"हुकूमनामा पाहिलास?"

"नाही. कागदपत्रं सगळी तेच पाठवतात."

लग्न खरं आहे की नुसतं व्हिसापुरतं, हे वकिलातीतला अधिकारी तपासत असतो. म्हणून तो विचारतो: ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होतं, नवरा काय काम करतो, आधीच्या लग्नाचं काय झालं? नीट पाहिलं तर हे प्रश्न मुलीनंच लग्नाआधी विचारायचे आहेत. तिनं ते विचारले तर ती आगाऊ ठरते. परक्या देशाच्या अधिकाऱ्यानं विचारले की सारं घर उत्तरं जुळवायला बसतं! आणि पढवलेलं उत्तर खोटं निघालं, तर व्हिसाचं दार कायमचं बंद होऊ शकतं, तेही तिचंच.

त्या दोन कागदांवर जे नव्हतं, ते तिला आधी कळायला हवं होतं.

अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारं ग्रीन कार्ड सशर्त असतं, दोनच वर्षांचं. हा १९८६ चा कायदा. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून अर्ज करायचा असतो. "सही करणार नाही, परत पाठवीन" ही धमकी इथूनच जन्माला येते. पण ती दिसते तेवढी पक्की नाही. घटस्फोट झाला असेल किंवा नवरा छळत असेल, तर बाई एकटीनं अर्ज करू शकते. छळाची सवलत कायद्यात १९९० साली आली. अट एवढीच, की लग्न खरेपणानं केलं होतं हे तिला दाखवता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आय-८६४ या फॉर्मची. बायकोला अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के उत्पन्नाइतका आधार देईन, असं नवरा त्यात लिहून देतो. ही जबाबदारी घटस्फोटानं संपत नाही. ती नागरिक झाली, तिच्या हिशेबी सुमारे दहा वर्षांचं काम जमा झालं, तिनं तो देश कायमचा सोडला किंवा दोघांपैकी कुणाचा मृत्यू झाला, तरच सुटते. तोवर ती या कागदावर कोर्टात दाद मागू शकते. पण हा कागद किती जणींनी डोळ्यांनी पाहिलेला असतो?

म्हणजे मुलाखतीसाठी जमवलेली फाईल व्हिसाचा शिक्का बसला की संपत नाही. लग्न नोंदणीचा दाखला, लग्नातले फोटो, पत्रं, पैसे पाठवल्याच्या पावत्या हाच उद्या तिचा पुरावा असतो. आणि नेमकी हीच फाईल तिथं पोचल्यावर नवऱ्याच्या कपाटात जाते.

आम्ही उजळणी घेतली नाही. तिघी मिळून फाईल लावायला बसलो. जे कागद नव्हते त्यांची यादी केली: हुकूमनामा, आय-८६४, नवऱ्यानं भरलेल्या मूळ अर्जाची प्रत. ते तिनं स्वतः नवऱ्याकडे मागायचे ठरले. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. एक तिच्या पर्समध्ये, एक माहेरी. आई म्हणाली, "जावईबापूंना संशय वाटेल." मुलगीच म्हणाली, "साहेबानं विचारलेलं चालतं, मग मी मागितलेलं का नाही चालणार?"

आपल्याकडे अशी मुलगी आली, की तिची उत्तरं पक्की करून घेऊ नका. तिचे कागद तिच्या हातात आहेत का, ते आधी बघा.