ऑईलचा जमाखर्च

वस्तीवस्तीत आज डिझेल गाडी भाड्याने चालवून संसार करणारी घरे आहेत. गाडी कर्जाची, हप्ता ठरलेला. इंजिन जाम झाले की त्या घरची चूलही थंडावते. ऑईल बदलण्याची मजुरी वाचावी म्हणून अनेक बांधव हे काम सुटीच्या दिवशी घरीच करतात. त्यात काही गैर नाही. परंतु जुने ऑईल पुरते निघाले नाही आणि नवे मात्र मापाने पूर्ण ओतले, तर वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट खर्च अंगावर येतो. म्हणून आज या विषयावर आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही पडलो हिशोबनीस. आरंभीची शिल्लक पाहिल्याशिवाय आम्ही वहीत पुढची ओळ लिहीत नाही. येथेही तोच नियम लावावा. बोल्ट उघडण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून ऑईलची दांडी पाहावी आणि पातळी लिहून ठेवावी. निघालेले ऑईल मापाच्या डब्यात मोजावे. लहान डिझेल गाडीत ते साधारण तीन ते पाच लिटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

दांडीवर पातळी आधीच खाली होती आणि ऑईल कमी निघाले, तर दोष निचऱ्याचा नाही. इंजिन ऑईल जाळते आहे किंवा कोठे तरी गळती आहे, ते शोधले पाहिजे. पातळी पूर्ण होती आणि तरीही ऑईल कमी निघाले, तर मात्र ते आत अडकले आहे असे समजावे.

अडकण्याची कारणे बहुधा साधी असतात. थंड ऑईल घट्ट असते. म्हणून इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे व थोडे थांबून बोल्ट काढावा. ऑईल कोमट असावे, हात भाजेल इतके कढत नसावे. वरचे झाकण बंद असेल तर हवा आत जात नाही आणि धार अडखळते. म्हणून झाकण आधी काढावे. एकाच बाजूने जॅक लावल्यास चेंबर कलते आणि ऑईल बोल्टपासून दूर साचते. गाडी सपाट करून, धार संपून थेंब पडू लागेपर्यंत वाट पाहावी. मात्र नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवेतच.

चेंबर दगडाला किंवा गतिरोधकाला आपटून चेपले असेल, तर खड्ड्यात ऑईल राहते. भोकाशी काळा गाळ आला, तर तार खुपसून किंवा रॉकेल ओतून धुण्याच्या फंदात पडू नये. सुटलेला गाळ जाळीत अडकतो आणि मागे राहिलेले रॉकेल नवे ऑईल पातळ करते. मेकॅनिककडून चेंबर उतरवून साफ करून घ्यावे, हेच बरे.

आणखी एक. चालू डिझेल इंजिनाचे ऑईल काळेच असते. निघालेले ऑईल काळे नसेल तर हात थांबवावा. गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला गेला असण्याचा संभव आहे. तसेच पुढे गेल्यास गिअरबॉक्स कोरडा राहतो आणि इंजिनात ऑईल दुप्पट होते.

ऑईल जादा झाल्यास ते घुसळून त्याला फेस येतो आणि हवेच्या मार्गाने ते आत ओढले जाऊ शकते. मग डिझेल इंजिन स्वतःचेच ऑईल जाळत सुटते आणि चावी फिरवूनही बंद होत नाही! म्हणून नवे ऑईल एकदम ओतू नये. थोडे कमी ओतावे, इंजिन क्षणभर चालवून बंद करावे, पाच मिनिटांनी दांडी पाहावी आणि मगच भर घालावी. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत काजळीची गाळणी असते. ती जळून साफ होताना थोडे डिझेल ऑईलमध्ये उतरू शकते. म्हणून पातळी आपोआप वाढलेली दिसली तरी ती शुभ समजू नये.

बोल्ट बसवताना नवा वायसर घालावा. तो आधी हाताने फिरवावा, मग योग्य मापाच्या पान्याने आवळावा. जोर लावून आटे घालवू नयेत.

शेवटी घरच्या मंडळींसाठी. जळके ऑईल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर त्वचारोगाचा आणि कर्करोगाचाही धोका असतो. हातमोजे वापरावेत, हात साबणाने धुवावेत, ऑईलचे कपडे मुलांच्या कपड्यांत भिजवू नयेत. ते ऑईल गटारात ओतू नये. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. म्हणून डब्यात भरून, जेथे असे ऑईल गोळा होते त्या गॅरेजला द्यावे.

वाचकांनी हे कात्रण गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. त्यामागे तारीख, किलोमीटर, निघालेले ऑईल आणि घातलेले ऑईल असे चार रकाने आखावेत. पुढच्या वेळी उपयोगी पडतील.