उमेदवारीचा गौरव आणि विद्यापीठाचे काम

चित्रपट, दूरचित्रवाणी आणि ओटीटी मंच यांच्यासाठी कथात्म वा करमणूकपर आशय निर्माण करणाऱ्या व्यवसायाला मनोरंजन माध्यमांचा व्यवसाय म्हणतात. या व्यवसायात शिरू पाहणाऱ्याने विद्यापीठात जाऊन शिकावे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात एक पूर्वपक्ष फार जुना आणि जोरकस आहे. ही विद्या हाताची असून ती सेटवरच्या उमेदवारीनेच येते, वर्गात बसून येत नाही, असे तो म्हणतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कोल्हापूरचा दाखला देतो. तिथले चित्रपटकार बाबूराव पेंटर कोणत्याही चित्रपटशाळेत गेले नव्हते. शांताराम, दामले आणि फत्तेलाल हे त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करता करता घडले, आणि त्यांनीच इतर भागीदारांसह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी केली.

दाखला खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. या कंपन्या स्टुडिओ पद्धतीने चालत, म्हणजे लेखक, नट, छायालेखक, सुतार, रंगारी असे सारे एकाच आवारात पगारावर वर्षानुवर्षे काम करत, आणि त्यामुळे नव्या मुलाला दुसऱ्या खात्यांतली कामेही जवळून पाहता येत. ती नाव नसलेली शाळाच होती. पुढे ही पद्धत मोडली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रभातचे कामही थांबले. त्याच सुमारास स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने आपल्या १९५१ च्या अहवालात चित्रपटाच्या शिक्षणसंस्थेची शिफारस केली, आणि १९६० मध्ये पुण्यात प्रभातच्याच आवारात ती संस्था सुरू झाली. हा क्रम विसरून उमेदवारीचा गौरव करणे म्हणजे जे घर केव्हाच पडले आहे, त्याच्या ओसरीवर नव्या पिढीला मुक्कामाला पाठवणे होय. आज दैनंदिन मालिकेच्या सेटवर ठरलेल्या वेळेत भाग पुरा करायचा असतो. अमुक दिवा अमुक ठिकाणीच का लावला, हे नवख्याला समजावून सांगण्याची फुरसत तिथे क्वचितच कोणाला असते, आणि चूक सुधारत बसण्यापेक्षा चुकणारा माणूस बदलणे सोपे जाते. चुकण्याची मुभा ही शिकण्याची पहिली अट आहे, आणि ती विद्यापीठच देऊ शकते.

दादासाहेब फाळके यांचे नावही याच पूर्वपक्षाच्या बाजूने घेतले जाते, परंतु ते तिथे शोभत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आणण्यापूर्वी फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्यांना अवगत होती, आणि १९१२ मध्ये चित्रपटनिर्मिती समजून घेण्यासाठी ते लंडनपर्यंत गेले होते.

पूर्वपक्षातला सर्वांत अन्यायकारक भाग तो कधी बोलून दाखवत नाही. उमेदवारी मिळते ती ज्याची कोणाशी ओळख आहे, ज्याला मुंबईत बिनपगारी वर्ष काढणे परवडते आणि ज्याची जात व भाषा पाहून कोणी भुवई उंचावत नाही, त्याला. विद्यापीठाचा दरवाजाही सताड उघडा नाही, तरी त्याचे नियम छापलेले असतात. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे ‘फँड्री’ व ‘सैराट’ हे त्यांचे चित्रपट आले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अभ्यासक्रमाने हे घडू दिले, ही गोष्ट मराठी समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे. चित्रपटशाळेत न जाता ‘कोर्ट’ हा चित्रपट करणारे चैतन्य ताम्हाणे हे उदाहरण याविरुद्ध पुढे केले जाते. त्यातून पदवी अनिवार्य नाही एवढेच सिद्ध होते, आणि ती अनिवार्य आहे असा दावा इथे नाही.

दुसरा पूर्वपक्ष शिक्षणक्षेत्राच्या आतूनच येतो आणि तो अधिक सावधपणे तपासला पाहिजे. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून कामाला लागला पाहिजे, म्हणून त्याला चालू सॉफ्टवेअर आणि चालू कॅमेरे शिकवावेत, बाकीचा इतिहास आणि सिद्धांत हा फापटपसारा आहे, असे हा पक्ष मानतो. रेणू सलुजा पुण्याच्या संस्थेत संकलन शिकल्या तेव्हा फिल्म हाताने कापून चिकटवली जाई. त्या कामाची यंत्रे आज अडगळीत गेली. ‘जाने भी दो यारो’ आणि ‘परिंदा’ यांच्या संकलनात दृश्य कोणत्या क्षणी तोडावे याची जी जाण दिसते, ती मात्र जुनी झालेली नाही. अशी जाण भरपूर चित्रपट पाहून, त्यांवर वाद घालून आणि स्वतः अनेकदा फसून येते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच स्थापन झाले आणि शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांना जगभरचे चित्रपट पाहायला मिळाले, याचे महत्त्व कोणत्याही नव्या यंत्राहून मोठे आहे.

व्यवसायाची तयारी या शब्दांचा खरा अर्थ जिथे लागतो, तिथे मात्र विद्यापीठांनी आपल्या उणिवेकडे पाहावे. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात, म्हणजे कलाकृतीवरील तिच्या कर्त्याचे हक्क ठरवणाऱ्या कायद्यात, दुरुस्ती झाली. चित्रपटात वापरलेल्या साहित्याच्या आणि संगीताच्या कर्त्यांना, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या वापरासाठी, स्वामित्वधनात (रॉयल्टीत) समान वाटा मिळण्याचा हक्क तिने दिला, आणि तो करारातही निर्मात्याच्या हवाली करता येत नाही. पटकथा लिहायला शिकलेली मुलगी ही तरतूद न वाचता पहिल्या करारावर सही करत असेल, तर तिच्या अभ्यासक्रमाने तिला अर्धवट सोडले आहे. करार ओळीने वाचणे हा विषय कॅमेऱ्याच्या तासिकेइतक्याच सक्तीने, आणि शेवटच्या वर्षाची वाट न पाहता, शिकवला गेला पाहिजे.