आधी स्लॅब, मग एसी

मार्च सरला की नागपुरातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. यंदा एसी घ्यायचा, की कूलरच्या ताट्या बदलून भागवायचं? एसीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चंद्रपूरने २००७ च्या जूनमध्ये ४९ अंश पाहिले, नागपूरने २०१३ च्या मेमध्ये ४७.९. अशा उन्हात चुना, वाळा, माठ यांच्या गोष्टी आजीबरोबर गेल्या. एसी ही आता चैन राहिलेली नाही, ती गरज आहे, आणि ज्याला परवडत नाही तोच ‘नैसर्गिक गारव्या’चं कौतुक सांगतो.

शेवटचा टोमणा सोडला तर या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. गडबड आहे ती त्यात न बोलता धरून चाललेल्या गोष्टीत. ती अशी, की घरातला उकाडा म्हणजे बाहेरची तापलेली हवा, आणि तिच्याशी लढायचं तर हवा गार करणारं यंत्रच हवं. मग रात्री दहा वाजता, बाहेर जरा बरं वाटायला लागलेलं असताना, वरच्या मजल्यावरची खोली भट्टीसारखी का असते? पलंगावर उताणं पडून हात वर केला तर छताची धग तळव्याला का जाणवते?

कारण तो उकाडा दुपारचाच असतो, फक्त उशिरा पोचलेला. मेच्या दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर म्हणजे सेहेचाळीस किलोवॉट. त्यातलं काही परत फेकलं जातं, काही वारा नेतो. उरलेलं चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब पिऊन घेतो आणि तीन-चार तासांनी खाली सोडू लागतो. दीड टनाचा एसी खोलीतून जास्तीत जास्त पाच-सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसतो. वरून ऊन ओतत राहायचं आणि खालून यंत्राने उपसत राहायचं, हा उद्योग आपण हप्ते भरून करतो. आणि उपसलेली उष्णता, वर एसीने खाल्लेल्या विजेची उष्णता, दोन्ही शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सोडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कोरड्या मुलखात घर गार ठेवण्याचं पहिलं काम छपरावर आणि पश्चिमेच्या भिंतीवर करायचं असतं, खोलीत नव्हे. यंत्राचा विचार त्यानंतर, आणि तेव्हाही आधी कूलरचा.

गच्चीला चुना लावा म्हटलं की लोक हसतात. हसू नये. ताजा पांढरा चुना अंगावर पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग, सत्तर टक्क्यांच्या आसपास, परत फेकतो. जुना काळवंडलेला स्लॅब बहुतेक ऊन गिळतो. पांढऱ्या छपराखालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. दोन अंश म्हणजे काय मोठं, असं ज्याला वाटतं त्याने पत्र्याच्या खोलीत एक रात्र काढावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची खरवडून धुवायची, ओली करायची, ऊन उतरल्यावर चुन्याचे दोन हात द्यायचे. चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल. पावसात तो धुऊन जातो, हे खरं. दरवर्षी लावावा लागतो, हेही खरं. पण कूलरची ताटीही दरवर्षी बदलतो, एसीची सर्व्हिसिंगही दरवर्षी करतो. मग चुन्यानेच एकदा लागून जन्मभर टिकावं ही अपेक्षा कशासाठी?

अहमदाबादने हा धडा फार महागात घेतला. २०१० च्या मेमधल्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. त्याच शहरातल्या शारदाबेन रुग्णालयाचा दाखला मला सगळ्यांत बोलका वाटतो. तिथला प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर हलवला आणि उन्हाने आजारी पडणाऱ्या नवजात बाळांचं प्रमाण घटलं. बाळं फक्त तापलेल्या स्लॅबखालून निघाली.

आता कूलर. त्याला गरिबाचा एसी म्हणण्याची पद्धत आहे. पण हिशोब करून पाहा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. खिडकीतला मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. म्हणजे बाहेरच्या हवेतून पाच-सहा किलोवॉट उष्णता काढतो, दीड टनाच्या एसीइतकी, आणि त्यासाठी दीड-दोनशे वॉट वीज घेतो. ४४ अंश तापमान आणि पंधरा टक्के आर्द्रता असलेली नागपूरची हवा चांगल्या ताटीतून आत आली की २८ अंशांच्या आसपास येते. अट एकच, आणि तीच सर्रास मोडली जाते: कूलर बाहेरची हवा घेणारा हवा आणि समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या घट्ट लावून खोलीच्या मधोमध कूलर ठेवला की तासाभरात घामाची डबकी होतात, आणि मग ‘कूलरने चिपचिप होतं’ अशी तक्रार. तो दोष दाराच्या कडीचा.

यावर एक सणसणीत आक्षेप येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. पाणी. अकोल्यात नाहीतर बुलढाण्यात नळाला कैक दिवसांनी पाणी येतं, तिथे दिवसाला साठ-सत्तर लिटर ताटीवर ओतायचे? प्रश्न रास्त आहे. पण एसी पाणी पीत नाही हा समज आधी काढून टाकू. जुन्या औष्णिक वीज केंद्रांना २०१५ च्या नियमांनी एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घालून दिली आहे. तासाला युनिटभर वीज खाणारा एसी म्हणजे तासाला तीन-साडेतीन लिटर पाणी. फक्त ते तुमच्या नळातून जात नाही, चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांत जातं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. तरी हिशोब प्रामाणिकपणे मांडला तर कूलर जास्त पाणी घेतो, आणि तेही घरच्या बादलीतून. म्हणूनच चुना आधी, सावलीची हिरवी जाळी आधी. छत कमी तापलं तर कूलर कमी तास चालवून भागतं.

दुसरा आक्षेप मुंबईचा. तिथे ३३ अंशांना सत्तर टक्के आर्द्रता असते. आदर्श कूलरही चार-पाच अंशांपलीकडे हवा उतरवू शकत नाही आणि दमटपणा वाढवतो तो वेगळाच. कोकणपट्टीत, गोव्यात कूलर घेणं म्हणजे पैसे वाया. तिथे वारा हाच उपाय: समोरासमोर खिडक्या, पंखा, भिंतींवर सावली, उतरतं कौल. विदर्भातही नवतपा संपून पाऊस लागला की कूलरने गप्प बसावं.

इथवर ज्यांनी माना डोलावल्या त्यांच्यात एक गट असा असेल ज्याच्याशी माझं एसीवाल्यांपेक्षा जास्त वाकडं आहे. ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, मातीची घरं बांधा’ म्हणणारा गट. विदर्भातली धाब्याची घरं, मराठवाडा-सोलापूरकडची माळवदं भर उन्हाळ्यात गार असत, यात शंका नाही; दोन-अडीच फुटांच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हीच जड माळवदं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारोंचा जीव गेला. जुन्या घराचं गुणगान करताना ही पहाट वगळायची सोय नाही. वाळ्याच्या ताटीवर दिवसभर पाणी मारायला वाड्यात गडी असे. त्याला कोण वारा घालत होतं? आणि गार माजघरात पुरुष वामकुक्षी घेत असताना बायका चुलीपुढे असत. घ्यायचं ते तत्त्व घ्यावं: ऊन बाहेर अडवा, छपरावर जाड थर ठेवा. तो थर मातीचा असण्याची गरज नाही. स्लॅबवर उष्णतारोधक फोमचे तक्ते आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले की फारसं वजन न वाढवता माळवदाचं काम होतं.

याच गटाच्या शेजारी मोबाइलवरचे नुस्खे पुरवणारे बसतात. पंख्यासमोर बर्फाचं पातेलं ठेवा म्हणे. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तिच्या सातपट किलोभर पाणी वाळताना घेतं. शिवाय तो बर्फ करताना फ्रिजने त्याहून जास्त उष्णता त्याच घरात ओतलेली असते. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलत नाही. तो निदान संध्याकाळी चिवड्यात घालता येतो.

खिडकीचंही असंच उलटं चालतं. दिवसभर ‘हवा यावी’ म्हणून उघडी, रात्री डासांच्या नि चोरांच्या भीतीने बंद. विदर्भात हवी ती नेमकी याच्या उलट पद्धत: कूलर चालू नसेल तर सकाळी आठच्या सुमारास सगळं बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं. भीती खरी आहे, विशेषतः तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईची. म्हणून मच्छरजाळी आणि मजबूत ग्रिल यांवरचा खर्च हा गारव्यावरचाच खर्च समजावा. पडदा मात्र काचेच्या आत लावून उपयोग थोडा. ऊन काचेतून आत आलं की आलंच. ते बाहेर, बांबूच्या चटईने किंवा जाळीने अडवावं लागतं. आणि हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसत्या पंख्यावर विसंबू नये. तो तापलेली हवाच अंगावर मारतो. अंग ओलं, कपडा ओला असेल तरच त्याचा उपयोग. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत हे विसरणं जिवावर बेतू शकतं.

तेव्हा एसी कोणीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. हृदयाचा रुग्ण, तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेले आजोबा घरात असतील तर एक खोली एसीची असावी, आणि त्यावरून कोणी नाक मुरडू नये. त्या खोलीवरचा स्लॅब पांढरा असेल तर लहान एसीही पुरतो, एवढंच.

खरा उरलेला प्रश्न भाडेकरूचा आणि सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतलेल्याचा. गच्ची त्याची नाही, चुना लावायचा म्हटलं तर घरमालक नाहीतर सोसायटी आडवी येते. बिल्डरने उघडा स्लॅब टाकून, पश्चिमेला बिनसज्जाची भलीमोठी काच लावून घर विकलं. आता ते गार करण्याचं बिल घेणाऱ्याने जन्मभर भरायचं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा तिच्यात आहे, आणि उघडा स्लॅब ती दुपटीहून जास्त ओलांडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण जाहीर करून सरकारी, व्यापारी आणि मोठ्या निवासी इमारतींना ते बंधनकारक केलं. तिथलं ऊन विदर्भाला परकं नाही. आपल्या महापालिकांनी बांधकाम पूर्णत्वाचा दाखला देताना गच्चीवर चढून पाहावं, आणि स्लॅब उघडा असेल तर दाखला अडवावा. खर्च वाढेल, घरं महागतील, असं बिल्डर म्हणतील. तो खर्च आजही होतोच. फक्त तो बिल्डरच्या वहीत न दिसता वरच्या मजल्यावरच्या वीजबिलात दिसतो.