छताला टांगलेली आगगाडी

धरमपेठेंत आतां जागा म्हणून उरलेली नाहीं. लक्ष्मीभुवन चौकाच्या आसपास ज्या आवारांत आंब्याचें एखादें झाड, विहीर आणि मागें मोटारखाना असे, तेथें आज चार मजले उभे आहेत आणि त्यांच्या पायाशीं खांबांमधून मोटारी दाटीवाटीनें उभ्या असतात. अशा ठिकाणीं कोणा मुलानें, 'मला लहान आगगाडी मांडावयाची आहे, तिला आठ फूट लांब व चार फूट रुंद जागा द्या,' असें म्हटलें तर वडील मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहतील ती आमच्या परिचयाची आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांला त्या मुलाची बाजू मांडावयाची आहे. जमिनीवर जागा नसेल. परंतु छत रिकामें आहे, आणि छतावर अद्याप कोणीही हक्क सांगितलेला नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. चावी देऊन सोडलेली आणि चार फेऱ्यांनंतर पलंगाखालीं जाऊन पडलेली गाडी ती ही नव्हे. जर्मनींतील मेर्क्लिन कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत एकमेकांना जोडतां येणारे रूळ मांडले, तेव्हांपासून ह्या खेळाचें रूप पालटलें. गाडी विकत घेण्यापेक्षां मार्ग आंखण्यास महत्त्व आलें. आमच्याकडे ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण पुण्यास आहे. कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालापासून लोकांस खुलें आहे. तेथें एकाच मांडणीवर अनेक गाड्या धांवतात व सिग्नल आपोआप बदलतात. मुलें तेथें गाड्या पाहतात. आमच्या मतें पाहण्यासारखें जें आहे तें फळीच्या खालीं, तारांच्या गुंत्यांत आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९४६ सालीं विद्यार्थ्यांनीं असेंच एक मंडळ स्थापिलें. त्यांच्या फळीखालीं टेलिफोनच्या स्विचांचें जाळें होतें. तें जाळें जुळविणाऱ्यांपैकीं कित्येक जण पुढें संगणकांकडे वळले, आणि 'हॅकर' हा शब्द संगणकाच्या जगांत त्याच मंडळाच्या बोलण्यांतून आला.

आतां कोणती गाडी मांडावी? तयार संचांत आल्प्स पर्वत असतो, बर्फानें झांकलेलीं छपरें असतात. ज्या मुलानें मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांत सायकल हांकली आहे, त्यानें तें बर्फ चिकटवीत बसावें ह्याची आम्हांला गंमत वाटते. आमचें मत असें कीं, नागपूरच्या मुलानें सातपुड्याची अरुंद गाडी मांडावी. आणि हें केवळ अभिमानानें म्हणत नाहीं, गणितानें म्हणतों. ह्या छंदांत सर्वांत रूढ प्रमाण १:८७ हें आहे. आपल्या रुंद मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ नें भागिलें असतां सुमारें १९.३ येतात. परंतु बाजारांत ह्या प्रमाणाचे रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोपांतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेले आहेत. म्हणजे आपली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस त्यांच्यावर चढविली तर ती अंग चोरून चालल्यासारखी दिसेल. उलट सातपुड्याचा अरुंद मार्ग घ्या. त्याचें अंतर ७६२ मिलिमीटर, ८७ नें भागा, ८.७६ येतात. आणि १:१६० ह्या धाकट्या प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे रूळ सर्वत्र विकत मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक आम्ही तरी मोजणार नाहीं. शिवाय आठ फुटांची फळी ८७ पटींनीं वाढविली तर ती जेमतेम २१२ मीटर होते. चोवीस डब्यांची मेल तिच्यावर नुसती उभीही राहूं शकत नाहीं. अरुंद मार्गाची पांचसहा डब्यांची गाडी मात्र तींत सुखानें वळण घेते, कारण वळणें घेणें हाच तिचा स्वभाव होता.

'होता' असें लिहावें लागतें. नागपूरहून सावनेर, सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला ह्या वाटेनें छिंदवाड्यास जाणारी अरुंद गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. इतवारीहून नागभीडकडे जाणारी २०१९ सालीं. छिंदवाड्याच्या वाटेवर आतां रुंद मार्गाच्या गाड्या धांवतात व त्यांत लोकांची सोय आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जुन्या गाडीच्या संथपणाला जे आज गहिंवरून आठवतात, त्यांपैकीं बरेच जण त्या काळीं मोटारनेंच जात, हेंही आम्ही जाणतों. मोतीबागेंत १४ डिसेंबर २००२ रोजीं उघडलेलें अरुंद मार्गाचें संग्रहालय आहे. तेथें इंजिनें आहेत, पण तीं उभीं आहेत. चालती अरुंद गाडी पाहावयाची तर आतां ती कोणीतरी घरीं केली पाहिजे.

एवढें ठरल्यावर आम्ही, आमचा पुतण्या आणि आमच्या वडील बंधूंचा मोटारखाना अशी ही मंडळी कामास लागलों. वहिनींची अट एकच होती : सायंकाळीं दादांची मोटार आंत आली पाहिजे. म्हणून फळी दिवसा खालीं आणि रात्रीं छताशीं, हा मार्ग निघाला. जुन्या घरांच्या तुळयांना झोपाळ्यासाठीं व पाळण्यासाठीं कड्या असत, त्या आठवून आम्हांला वाटलें, यांत अवघड तें काय?

अवघड पुष्कळ आहे. बारा मिलिमीटर जाडीची आठ बाय चार फुटांची प्लायवूडची फळी सुमारें वीस किलो भरते. तिच्याखालची लांकडी चौकट, रूळ, डोंगर, तारा मिळून आमचें ओझें चाळीस किलोंच्या घरांत गेलें. चार कोपऱ्यांना चार दोर, ते छतांतील कप्प्यांवरून नेऊन भिंतीवरच्या एकाच हातरहाटाला. पुतण्या म्हणाला, चार कप्प्या आहेत, म्हणजे आपणांस दहाच किलो ओढावे लागतील. आम्हीं त्याला पुस्तक उघडावयास सांगितलें. प्रत्येक दोरावर दहा किलो येतात हें खरें. पण छताला पक्की बसविलेली कप्पी दोराची दिशा तेवढी बदलते, ओझें कमी करीत नाहीं. रहाटावर चाळीसच्या चाळीस किलो येतात, वर कप्प्यांचें घर्षण निराळें. ओझें निम्में करावयाचें तर एक फिरती कप्पी घालावी लागते, आणि मग दोर दुप्पट ओढावा लागतो. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेंत हें लिहून त्याला पूर्ण गुण मिळाले होते. तें खरें असतें, हें त्याला त्या दिवशीं कळलें.

दुसरी अडचण अशी कीं, चारी दोर सारखेच सरकले पाहिजेत. एक जरी बोटभर मागें राहिला तरी फळी कलते आणि इंजिन गडगडत कडेकडे निघतें. आम्हीं चारी दोर एका लोखंडी कडींत बांधून त्या कडीला रहाटाचा एकच दोर दिला, तेव्हां हें साधलें. तरीही गाड्या आधीं पेटींत ठेवल्यावांचून फळी उचलावयाची नाहीं, असा नियम केला. विजेचा पुरवठा बारा व्होल्टचा असला तरी त्याची तार आधीं उपसून ठेवावी. सुती दोर तर मुळींच वापरूं नयेत. पावसाळ्यांत दमट हवेनें ते आंखडतात, कोरड्या दिवसांत सैल होतात, आणि नागपूरच्या ऋतूंप्रमाणें फळी वरखालीं होत राहते. पोलादी तारेचा दोर घ्यावा. छतांतील खिळे स्लॅबमध्यें खोल बसणारे असावेत. गिलाव्यांत किंवा शोभेच्या पांढऱ्या छतांत बसविलेला आंकडा हा आंकडाच नव्हे.

उष्णतेचा विचार आम्हांला सुचला नव्हता. छताखालीं मे महिन्यांत हवा पन्नास अंशांपर्यंत तापते, आणि पौषांत पहाटे ती दहावर येते. चाळीस अंशांच्या फरकानें आठ फूट लांबीचा निकेल-सिल्व्हरचा रूळ सुमारें दीड मिलिमीटर वाढतो. आम्हीं रूळ एकमेकांना घट्ट भिडवून बसविले होते. एप्रिलमध्यें सौंसरजवळ ते धनुष्यासारखे वांकले. मोठ्या रेल्वेवर सांध्यांत फट कां ठेवीत असत, हा प्रश्न मग पुतण्यानें आपण होऊन विचारला.

आतां जें सांगावयाचें तें संकोचानें सांगतों. आमचा पहिला रहाट जुन्या बाजारांतून आणलेला होता. त्यांत फिरत्या दांत्यांत एक खिट्टी अडकत असे व तिच्या आधारावर ओझें लोंबत राही. दांते झिजलेले होते. एका रविवारीं फळी सहा फूट उंचीवर असतां खिट्टी सुटली. मूठ गरगर फिरून आमच्या मनगटावर बसली आणि संपूर्ण सातपुडा दादांच्या स्कूटरवर येऊन आदळला. पुतण्या क्षणभरापूर्वीं पेचकस आणावयास आंत गेला होता. वहिनी बाहेर आल्या, त्यांनीं फळीकडे पाहिलें नाहीं; एवढेंच विचारलें, "भाऊजी, तो तेथें उभा असता तर?" ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. दोन महिने ती फुटकी फळी भिंतीला टेकून उभी होती, आणि दादा रोज सायंकाळीं तिच्या शेजारीं मोटार लावून कांहीं न बोलतां आंत जात.

ती पुन्हा वर गेली त्याचें श्रेय पुतण्याकडे आहे. त्यानें स्वतः आराखडा काढला, प्रत्येक दोराचें, कडीचें व खिळ्याचें ओझें बाजूस लिहिलें आणि तो कागद वडिलांपुढें ठेवला. नवा रहाट मळसूत्री दंतचक्राचा आहे. मूठ सोडली तरी तो आपण होऊन उलट फिरत नाहीं. तरीही त्याच्यावर विश्वास ठेवलेला नाहीं. फळी वर पोहोंचली कीं चारी कोपऱ्यांना छतांतील निराळ्या आंकड्यांच्या साखळ्या लागतात, आणि रात्रभर ओझें त्यांच्यावर असतें, दोरांवर नव्हे. फळी हलत असतां तिच्याखालीं कोणीही उभें राहावयाचें नाहीं, दादांनींसुद्धां नाहीं. दादांनीं कागद दोनदां वाचला, एके ठिकाणीं बेरीज तपासली व खालीं सही केली. आमच्या मतें त्या मुलाच्या शिक्षणांत त्या सहीइतकें मोलाचें प्रशस्तिपत्र दुसरें नसेल.

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. दहावीच्या वर्षीं हें कशाला, असें म्हणतील. आम्ही असा दावा करणार नाहीं कीं, यामुळें गुण वाढतात. आमच्या पुतण्याचे वाढले नाहींत, कमीही झाले नाहींत. खर्चाचें म्हणाल तर इंजिन व रूळ विकत घ्यावे लागतात व तीं महाग असतात, हें खरें. डबे पुठ्ठ्याचे होतात, तारेचे खांब सायकलच्या जुन्या आऱ्यांचे होतात, आणि डोंगराला वर्तमानपत्राची रद्दी व खळ पुरते. मात्र एका गोष्टीचा आम्हांला राग येतो. कित्येक घरीं बाप संच विकत आणतो, बापच जुळवितो, आणि मुलाला 'हात लावूं नकोस' म्हणून खुर्चीवर बसवितो. त्या घरीं गाडी आहे, पण मुलाजवळ कांहींच नाहीं. मुलींना तर खुर्चीही मिळत नाहीं. आमच्या आळींतील एका मुलीनें आमच्या फळीखालचा तारांचा घोटाळा एका दुपारीं सोडविला, तो आम्हांस आठवडाभर सुटला नव्हता.

शाळाचालकांनाही एक विनंति आहे. हस्तकलेच्या खोल्यांत बांकें दाटलेलीं असतात, पण त्यांवर दहा फूट उंचीचें छत वर्षानुवर्षें पंख्यांखेरीज रिकामें असतें. तेथें एक फळी टांगावी, आराखडा मुलांकडून घ्यावा, आणि तो गणिताच्या शिक्षकांनीं तपासल्यावांचून एकही खिळा ठोकूं देऊं नये.

आमच्या मार्गावर सध्यां गाडी सौंसरपासून रामाकोन्यापर्यंत धांवते. पुढें भिमालगोंदीचा घाट रद्दीचाच आहे, त्याला अजून रंग लागावयाचा आहे. स्थानकाची इमारत झालेली नाहीं, कारण तिच्या दारांचा रंग कोणता होता ह्याविषयीं त्या गाडीनें नित्य प्रवास केलेल्या दोघां गृहस्थांचें एकमत होत नाहीं. एक हिरवा म्हणतात, दुसरे लालसर. पुतण्यानें जुनीं छायाचित्रें शोधावयास घेतलीं आहेत. तोंवर दारें पांढरीं ठेविलीं आहेत.