न झालेल्या गोलांचा हिशेब

सामना गोलांवर ठरतो, म्हणून श्रेयाचा पहिला मान गोल करणाऱ्याचा, हा फुटबॉलमधला पूर्वपक्ष इतका रुळला आहे की त्याची उलटतपासणी करायची कोणाला गरजच वाटत नाही. 'बॅलन डी'ऑर' म्हणजे 'सोनेरी चेंडू', हा या खेळातला सर्वांत मानाचा वैयक्तिक पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. पुरुषांच्या यादीत बचावपटूंची नावे तीनच आहेत: फ्रान्झ बेकेनबाउअर (१९७२ आणि १९७६), माथियास झामर (१९९६) आणि फाबिओ कन्नावारो (२००६). त्यांपैकी पहिले दोघे चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारणारे लिबेरो, म्हणजे फळीमागचे मोकळे बचावपटू. निखळ बचावासाठी गौरवला गेला तो एकटा कन्नावारो. या यादीचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. बचावपटू दुसऱ्याने उभारलेले मोडतो, स्वतः काही घडवत नाही. त्याचे यश साऱ्या फळीचे असते. आणि कडेकोट बचावामुळे खेळ रटाळ होतो. हे तिन्ही मुद्दे इटलीचा बचावपटू पाओलो मालदिनी याच्या कारकिर्दीवर घासून पाहावेत. १९८५ ते २००९ या काळात मिलानकडून ९०२ सामने खेळलेल्या या खेळाडूला हा पुरस्कार कधीच मिळाला नाही. १९९४ आणि २००३ मध्ये तो तिसरा आला.

पहिला मुद्दा पाहण्याच्या सवयीतून आला आहे. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि बचावपटूचे निम्मे काम चेंडू येण्याआधीच उरकलेले असते. मालदिनी मूळचा उजव्या पायाचा, पण डाव्या बगलेवर खेळता खेळता त्याने डावा पायही तितकाच तयार केला. त्यामुळे समोरच्या विंगरची पंचाईत होई: रेषेच्या कडेने निसटावे तर तो डावा पाय, आत वळावे तर तो उजवा. चांगला बचावपटू विंगरसमोर छाती काढून उभा राहत नाही. तो अंग तिरके ठेवतो, थोडे अंतर राखतो, मागे कोण धावत येत आहे ते मान वळवून पाहून घेतो आणि विंगरला नको असलेली वाटच तेवढी मोकळी सोडतो. विंगर त्या वाटेने जातो, पास उशिरा सुटतो, तोवर गोलासमोरची माणसे जागेवर आलेली असतात. टॅकल होत नाही, टाळ्याही पडत नाहीत. पण हल्ला कुठून जाणार हे बचावपटूने ठरवलेले असते. याला मोडतोड कसे म्हणणार? आपल्या कबड्डीला ही समज पूर्वीपासून आहे. तिथे चढाईला गुण आहे तसा पकडीलाही आहे, आणि कोपरारक्षकाची पकड लोक नाव घेऊन सांगतात. फुटबॉलच्या गुणफलकावर न झालेल्या गोलासाठी रकाना नाही. रकाना नाही म्हणून कामच झाले नाही असे मानणे, हा हिशेब ठेवणाऱ्याचा दोष आहे.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. १९८७ मध्ये आरिगो साकी मिलानचे प्रशिक्षक झाले आणि तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी ही फळी त्यांनी घोटून घोटून तयार केली. चेंडूशिवायच, तो अमुक ठिकाणी आहे असे समजून साऱ्यांनी एकत्र सरकायचे, असा त्यांचा सराव चाले. अशा फळीत कोणीही उभा राहिला असता तरी चमकला असता, ही शंका रास्त आहे; पण तिला १९९४ चा अथेन्सचा अंतिम सामना उत्तर देतो. युरोपियन अजिंक्यपदाच्या त्या लढतीत बारेसी आणि कोस्ताकुर्ता या दोघांवरही बंदी होती. मालदिनीला बगल सोडून मध्ये यावे लागले, आणि रोमारिओ व स्टोइचकॉव्ह यांच्या बार्सिलोनाला मिलानने ४-० असे हरवले. शिवाय साकी गेले, कापेलो आले. झाक्केरोनींनी तिघांची बचावफळी आणली. मग आन्चेलोत्तींनी पुन्हा सारे बदलले. पद्धती बदलल्या, सोबती निवृत्त झाले, पण मालदिनीची सात लीग विजेतेपदे आणि पाच युरोपियन अजिंक्यपदे या साऱ्या राजवटींत विखुरलेली आहेत. फळीने त्याला घडवले हे खरे. पुढे प्रत्येक नवी फळी त्याच्याभोवती उभी राहिली, हेही तितकेच खरे.

रटाळपणाचा आक्षेप घेणारे १९९३-९४ च्या मिलानकडे बोट दाखवतात: ३४ सामन्यांत अवघे ३६ गोल, आणि तरी विजेतेपद. त्या वर्षी त्याहून जास्त गोल करणारे संघ होते. मिलानने फक्त १५ खाल्ले आणि लीग जिंकली. म्हणजे 'गोलच सामना ठरवतात' या विधानाची दुसरी बाजू मिलानने ताळेबंदात दाखवून दिली. रटाळपणा येतो तो वेळकाढूपणातून आणि आडदांडपणातून, आणि नियमकर्त्यांनी नेमके तेच कापले. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने दिलेला पास गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली. १९९८ मध्ये मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड आले. बचावपटूचे जुने आडोसे असे एकेक करून गेले. जे केवळ त्या आडोशांवर जगत होते त्यांचे अवघड झाले. मालदिनीने मात्र २००७ चे युरोपियन अजिंक्यपद वयाच्या एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर कर्णधार म्हणून जिंकले.

सर्वांत अवघड आक्षेप त्याच्या अपयशांचा आहे. २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाच्या आन जुंग-ह्वानने त्याच्यावरून उडी घेत हेडर मारला आणि इटली बाहेर पडली. २००५ मध्ये इस्तंबूलला मध्यंतरापर्यंत ३-० पुढे असलेल्या मिलानने सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टींवर अंतिम सामना गमावला. हे डाग पुसायचे कारण नाही. पण बचाव ढासळला की हाती आलेला करंडक जातो, हे याच पराभवांनी सांगितले. ढासळण्याची किंमत जर एवढी असेल, तर न ढासळण्याचे मोलही तेवढेच असायला हवे. दोष मोजायचा आणि काम मोजायचे नाही, हा न्याय झाला नाही.

आता पुन्हा पुरस्काराकडे. १९९४ चा मान स्टोइचकॉव्हला मिळाला. त्याच वर्षी मालदिनीच्या संघांनी त्याला दोनदा हरवले: अथेन्समध्ये बार्सिलोनाला आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत बल्गेरियाला. २००३ चा मान नेदवेदला मिळाला. तो युव्हेन्टसचा; पण त्या वर्षीचा युरोपियन अजिंक्यपदाचा अंतिम सामना बंदीमुळे त्याला खेळता आला नव्हता, आणि मालदिनीच्या मिलानने १२० मिनिटे गोल होऊ न देता पेनल्टींवर करंडक नेला. स्टोइचकॉव्ह आणि नेदवेद मोठे खेळाडू होते, त्यात वाद नाही. वाद मापाचा आहे. आघाडीवीर एका क्षणात दिसतो, बचावपटू वर्षानुवर्षांच्या नोंदीत दिसतो, आणि १९८९ ते २००७ अशी अठरा वर्षे युरोपच्या शिखरावर टिकणे हा त्या नोंदीतला सर्वांत भक्कम पुरावा आहे. मालदिनीला तो चेंडू मिळाला नाही याची उणीव त्याच्या कारकिर्दीत शोधू नये. ती पुरस्काराच्या यादीत आहे.