रडत नाही म्हणून गुणी?

‘बाळ फार गुणी आहे, रडत नाही, दुधासाठीही उठवावं लागतं,’ असे बाळंतिणीच्या खोलीत कौतुकाने सांगितले जाते. बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. पण बाळ सतत झोपाळलेले असेल, दूध नीट ओढत नसेल, दोन आठवडे उलटले तरी कावीळ रेंगाळली असेल, शौचाला कडक होत असेल, बेंबी फुगलेली आणि आवाज घोगरा असेल, तर या गुणीपणामागे थायरॉइडची उणीव असू शकते.

अंतःस्रावी ग्रंथी आपली संप्रेरके थेट रक्तात सोडतात आणि ती अगदी अल्प प्रमाणात दूरच्या अवयवांचे काम ठरवतात. नवजात बाळाची थायरॉइड ग्रंथी जेमतेम एक-दीड ग्रॅमची. पण तिच्या थायरॉक्सिनवाचून मेंदूची वाढ नीट होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे ही गरज सर्वाधिक असते. भारतात साधारण हजार ते दीड हजार जन्मांमागे एका बाळात ही ग्रंथी नसते, अपुरी वाढलेली असते, भलत्या जागी असते किंवा संप्रेरक बनवू शकत नाही. यात आईचा दोष नाही. तिने आयोडीनयुक्त मीठ खाल्ले म्हणूनही ग्रंथीची ही जन्मजात उणीव टळत नाही.

घात असा की, जन्मतः अशी बहुतेक बाळे निरोगीच दिसतात. गर्भात आईचे थायरॉक्सिन वारेतून काही प्रमाणात मिळत असते. नाळ कापल्यावर ही शिदोरी थोड्याच दिवसांत संपते. लक्षणे ठळक होईपर्यंत बरेचदा काही महिने जातात आणि तेव्हा औषध सुरू केले तरी बुद्धीची झालेली हानी पूर्ण भरून येत नाही.

म्हणून लक्षणांआधी चाचणी हवी. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक पाठवून थायरॉइडला कामाला लावते. तिकडून प्रतिसाद आला नाही, की मुकादमाने हाकांचा आवाज चढवावा तसे टीएसएच वाढत जाते. टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांत ते मोजता येते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात डॉ. जाँ दुसो यांनी १९७०च्या दशकात अशा थेंबांवर थायरॉइडची तपासणी सुरू केली. आज अनेक देशांत ती प्रत्येक बाळाची होते. निदान पक्के झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी चुरून, आईच्या दुधातून रोज दिली, तर बहुतेक मुले इतरांसारखीच शिकतात, खेळतात.

भारतात हा आजार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या २०१३च्या यादीत आहे, पण ऐच्छिक म्हणून. केरळने सरकारी रुग्णालयांत ही तपासणी सुरू केली. महाराष्ट्रात मात्र ती होईल की नाही, हे बाळ कोणत्या दवाखान्यात जन्मले यावर ठरते. जिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मलेल्या मुलाची बुद्धी नशिबावर सोडणे न्याय्य नाही.

अडचणी आहेत, पण त्यांना उत्तरेही आहेत. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत टीएसएच निसर्गतःच वाढलेले असते, म्हणून टाचेचे रक्त ४८ तासांनंतर घ्यावे लागते. तोवर अनेक बाळंतिणी घरी गेलेल्या असतात. अशा ठिकाणी प्रसूतीच्या वेळीच नाळेतील रक्त घेता येते. खरी कसोटी पुढे आहे. बाळंतपण माहेरी, कागदावर पत्ता सासरचा आणि कुटुंब ऊसतोडीला गेलेले, असे असताना अहवाल आईपर्यंत पोहोचला नाही तर चाचणी वाया जाते. नवजात बाळासाठी आशा ताई तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी घरी जातातच. दोषी अहवाल त्यांच्या हाती वेळेत पडला पाहिजे आणि दुसऱ्या तपासणीसाठी बाळाला आणण्याची जबाबदारी नेमून दिली पाहिजे.

लस आणि जन्मदाखल्याप्रमाणे ही चाचणीही प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात मोफत आणि सक्तीची व्हावी. तोवर घरी सोडण्यापूर्वी पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: ‘बाळाची थायरॉइडची तपासणी झाली का आणि अहवाल कधी मिळेल?’